मेंदूचा धडा खापरच्या घरापर्यंत कधी पोहोचणार?

नववीच्या विज्ञानात मेंदूवर काही पानं आहेत. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, मेरुरज्जू, प्रतिक्षिप्त क्रिया. चेतापेशीची आकृती काढायची, तिला नावं द्यायची, गुण मिळवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचं. राज्यातली लाखो मुलं दरवर्षी हा धडा असाच पार करतात.

त्याच मुलांच्या घरात, गल्लीत, पाड्यावर कुणाला तरी फिट येते. माणूस कोसळतो, हातपाय आखडतात, तोंडातून फेस येतो. लोक गोळा होतात. कुणी नाकाला चप्पल लावतं, कुणी कांदा फोडून हुंगवतं, कुणी दातांत चमचा घालतं. त्या गर्दीत नववीचा धडा पाठ केलेला मुलगाही उभा असतो. पुस्तकातला मेंदू आणि समोर तडफडणाऱ्या चुलत्याचा मेंदू एकच आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हायस्कूलच्या मुलांना मेंदूविज्ञानाची गोडी कशी लावायची, यावर आता बरंच बोललं जातं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे : ही गोडी शहरातल्या स्पर्धेतून किंवा महागड्या यंत्रातून लागणार नाही. ती मुलाच्या स्वतःच्या घरातल्या प्रश्नातून लागेल. आणि असे प्रश्न नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरसारख्या गावात पावलोपावली आहेत.

आधी भाकरी की आधी मेंदू?

खापर हे अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावर, गुजरातच्या हद्दीजवळ. आसपासच्या पाड्यांवरची माणसं कामाधंद्यासाठी इथं येत-जात असतात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता साधारण ६४ टक्के होती, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण ६९ टक्के. कुपोषण आणि रोजगारासाठीचं स्थलांतर या गोष्टी इथं नव्या नाहीत.

त्यामुळे पहिला आक्षेप ठरलेला आहे. जिथं मुलांना धड वाचायला शिकवणं अवघड, तिथं मेंदूविज्ञान कशाला? आधी पोटाचं बघा.

आक्षेप वरवर पाहता बरोबर वाटतो. पण पोट आणि मेंदू यांची अशी वाटणी होत नाही. मोठ्या माणसाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो, पण शरीर विसावलेलं असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. वाढत्या वयाच्या मुलात हा हिस्सा आणखी मोठा असतो. लोह कमी पडलं, आयोडीन कमी पडलं, तर त्याचा फटका मेंदूच्या वाढीला बसतो. शाळेत दुपारी मिळणारी खिचडी मेंदूपर्यंत जाते, हे ज्या मुलाला कळलं, त्याला पोषण आहाराचा हिशेबही विचारावासा वाटेल. भाकरीचा प्रश्न मेंदूच्या धड्यातूनच समजावून सांगता येतो.

दुसरं उदाहरण सिकलसेलचं. सातपुड्याच्या पट्ट्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा रक्ताचा आजार. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून तो संपवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तपासणी होते, कार्ड मिळतं, सांधे दुखतात, रक्त कमी होतं, इतकं लोकांना माहीत झालंय. पण विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या रक्तपेशी मेंदूच्या रक्तवाहिनीतही अडकतात, आणि त्यामुळे एखाद्या लहान मुलालाही लकवा मारू शकतो, हे किती पालकांना ठाऊक आहे?

त्याहून वाईट प्रकार दिसतच नाही. मेंदूत बारीक बारीक ठिकाणी रक्तपुरवठा तुटतो, हातपाय नीट चालतात, बोलणं नीट असतं, फक्त मूल वर्गात मागे पडायला लागतं. लक्ष लागत नाही, गणित जमत नाही. मास्तर म्हणतात, ढ आहे. घरचे म्हणतात, आळशी आहे. आपल्याकडे आढळणारा सिकलसेल आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या प्रकाराहून अनेकदा सौम्य असतो, तरी धोका संपत नाही. डोक्याच्या रक्तवाहिन्यांतला रक्ताचा वेग ध्वनिलहरींनी मोजून धोका असलेली मुलं ओळखता येतात. अमेरिकेत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा मुलांना नियमित रक्त दिल्यानंतर लकव्याचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी घटला होता. म्हणजे उपाय आहे. तो मागायला मात्र आधी माहीत असावा लागतो. खापरच्या नववीच्या वर्गात मेंदूचा धडा शिकवताना सिकलसेलचा उल्लेख झाला नाही, तर तो कुठे व्हायचा?

फिट, ताबीज आणि गोळी

आता पुन्हा फिटकडे येऊ. कुणी मिरगी म्हणतं, कुणी आकडी, पुस्तकात अपस्मार. भारतात या आजाराचे एक कोटीहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाज आहे. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. त्या सगळ्या एका ठेक्यात, एकाच वेळी पेटल्या की फिट येते. कारण इतकं साधं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य औषध मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण फिटविना जगू शकतात. फिनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे आणि आजही सर्वांत स्वस्त औषधांपैकी आहे. तरीही गरीब देशांतले बहुसंख्य रुग्ण उपचाराविना राहतात. यात जितका पैशाचा प्रश्न आहे, तितकाच समजुतीचाही आहे.

हा आजार लपवला जातो. मुलीला फिट येते हे कळलं तर स्थळ मोडेल, ही भीती सगळ्याच समाजांत आहे. १९९९ पर्यंत तर हिंदू विवाह कायद्यातही अपस्माराचा उल्लेख विवाहाच्या आड येणारी बाब म्हणून होता. कायद्यातला शब्द गेला, मनातला नाही गेला.

मुस्लिम घरांत काय होतं, ते आपण आपसांत तरी स्पष्ट बोलायला हवं. 'जिन लागला', 'असर आहे', 'बंदिश केलीय'. मग आमिल, मग ताबीज, मग पाणी दम करून आणणं, मग दुसऱ्या गावचा दर्गा. यात दोन-तीन वर्षं जातात. डॉक्टरनं गोळी सुरू केलीच, तर आमिल ती बंद करायला सांगतो. आणि अचानक गोळी बंद केल्यावर फिट उलट जास्त जोरानं येते, जिवावरही बेतते.

याला दीनचा आधार शोधणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत फिट येणाऱ्या एका स्त्रीची हदीस आहे. ती पैगंबरांकडे दुआची विनंती घेऊन येते. तिला कुणी झिडकारत नाही, तिच्यावर कसला ठपका ठेवला जात नाही. सब्राच्या बदल्यात तिला जन्नतची खुशखबर दिली जाते. दुसरी गोष्ट, इब्न सीना यांनी अकराव्या शतकात लिहिलेल्या 'अल-कानून'मध्ये मिरगीची चर्चा डोक्याच्या आणि मेंदूच्या आजारांत येते. अक्कलकुव्यात युनानी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इब्न सीनांच्या परंपरेतलं. त्याच तालुक्यात मिरगीसाठी आमिलाकडे रांग लागावी, याला काय म्हणायचं? दुआ कराच, ती कुणी थांबवलेली नाही. पण गोळी चालू ठेवून करा.

आदिवासी पाड्यांवर हेच दुसऱ्या रूपात घडतं. आजाराचं कारण कळलं नाही की दोष कुणाच्या तरी माथी मारला जातो. बहुतेक वेळा ती एखादी एकटी, म्हातारी बाई असते. तिला डाकीण ठरवलं जातं, आणि मग मारहाणीपासून खुनापर्यंत काहीही होऊ शकतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणाला करणी करणारा ठरवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं हा आता गुन्हा आहे. पण कायद्याचं काम गुन्हा घडल्यानंतर सुरू होतं. त्याच्या आधीचं काम शाळेचं.

एक गोष्ट मुलांना हमखास विचारात पाडेल. फिट येण्यामागे आपल्या देशात आढळणारं एक मोठं कारण म्हणजे डुकरात आढळणाऱ्या पट्टकृमीची अंडी. ती पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून गाठी करतात. 'आपण डुक्कर खातच नाही, आपल्याला काय धोका?' असं मुस्लिम मुलगा म्हणेल, शाकाहारी मुलगीही म्हणेल. पण अंडी मांसातून येत नाहीत. ज्या माणसाच्या आतड्यात हा कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून ती बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून कुणाच्याही पोटात जातात. १९९०-९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सनातनी ज्यू कुटुंबांत हा आजार आढळला होता. ती माणसं डुकराला शिवतही नव्हती. त्यामुळे हात धुण्याचा आणि शौचालयाचा धडा हासुद्धा मेंदूविज्ञानाचाच धडा होतो.

जगात काय चाललंय

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातले प्राध्यापक नॉर्बर्ट मिस्लिन्स्की यांनी १९९८ मध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी 'ब्रेन बी' ही स्पर्धा सुरू केली. मेंदूवर प्रश्नोत्तरं, जिंकलेल्यांची देशपातळीवर आणि मग आंतरराष्ट्रीय पातळीवर गाठ. आज अनेक देशांतली मुलं तिच्यात उतरतात. मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत असताना ग्रेग गेज आणि टिम मार्झुलो या दोघांनी शाळेला परवडेल असं छोटं यंत्र तयार केलं. त्याला झुरळाचा पाय जोडला की त्यातल्या चेतापेशींचे संकेत कडकड आवाजात ऐकू येतात. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. एस. के. शंकर यांच्या प्रयत्नांतून मेंदूचं संग्रहालय उभं राहिलं. तिथं सामान्य माणसालाही खराखुरा मानवी मेंदू हाताळता येतो.

हे सगळं चांगलंच आहे. पण खापरहून बेंगळुरू हजार किलोमीटरहून लांब. स्पर्धा इंग्रजीतून. यंत्र विकत घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत, आणि आले तरी ते मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद होण्याची शक्यता जास्त. यातून घेण्यासारखी गोष्ट एकच : मुलाला मेंदू दिसला पाहिजे, हाताला लागला पाहिजे, ऐकू आला पाहिजे. ते खापरलाही जमण्यासारखं आहे.

बकऱ्याचा भेजा घ्या. मुस्लिम घरांत बकरी ईदला मुंडी-पाया येतोच, इतर वेळी खाटकाकडे भेजा मिळतो. तव्यावर जाण्याआधी अर्धा तास तो शाळेच्या टेबलावर ठेवता येईल. ज्या मुलांना किंवा शिक्षकांना नको असेल त्यांनी दूर राहावं, सक्ती कुणावरच नको. बाकीच्यांनी तो काट्यावर तोलावा. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, बकऱ्याचा किती भरला ते लिहावं. वळ्या पाहाव्यात, मागच्या बाजूचा छोटा, बारीक रेघारेघांचा अनुमस्तिष्क शोधावा. बोटानं दाबून पाहावं. इतका मऊ अवयव कवटीत का ठेवलाय, आणि हेल्मेट कशासाठी, हे वेगळं सांगावं लागणार नाही. ज्या गोष्टीकडे पोरं आजवर फक्त जेवण म्हणून पाहत होती, तिच्यात त्यांना धड्यातली आकृती सापडेल.

फूटपट्टी, कर्कटक आणि कागद

आणखी तीन प्रयोग आहेत, ज्यांना एक रुपया लागत नाही.

पहिला फूटपट्टीचा. एकानं तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, दुसऱ्यानं शून्याच्या खुणेजवळ अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिला न सांगता पट्टी सोडतो, दुसरा पकडतो. दहा सेंटिमीटरवर पकडली तर साधारण ०.१४ सेकंद लागले, वीसवर ०.२०, तीसवर ०.२५. गुरुत्वाकर्षणाच्या गणितातून हा हिशेब मुलांना स्वतः काढता येतो. डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं ठरवलं, मेरुरज्जूतून हाताला हुकूम गेला, या सगळ्याला लागलेला तो वेळ. मग प्रश्न विचारायचा : आपल्या महामार्गावर ताशी साठ किलोमीटर वेगानं जाणारी मोटारसायकल पाव सेकंदात किती पुढे जाते? चार मीटरहून थोडी अधिक. आणि चालवणारा फोनवर बोलत असेल तर? पट्टीचा प्रयोग बोलता बोलता पुन्हा करून पाहा.

दुसरा कर्कटकाचा. कंपासपेटीतल्या कर्कटकाची दोन टोकं डोळे मिटलेल्या मित्राच्या बोटाच्या टोकाला हलकेच लावा. दोन-तीन मिलिमीटरच्या अंतरावरही त्याला दोन टोकं जाणवतात. तेच पाठीवर किंवा हाताच्या वरच्या भागावर लावा, काही सेंटिमीटर अंतर असूनही तो 'एकच' म्हणेल. कातडी सगळीकडे सारखीच दिसते, पण मेंदूनं बोटांना मोठी जागा दिलीय आणि पाठीला छोटी. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये हेच मोजलं होतं.

तिसरा कागदाचा. डावीकडे फुली, तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरवर ठळक ठिपका काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्यानं फुलीकडेच पाहत कागद हळूहळू जवळ आणा. तीसेक सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो. डोळ्याच्या पडद्यावर जिथून दृक्‌चेता बाहेर पडते, तिथं काहीच दिसत नाही. गंमत अशी की तिथं भोकही दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या रंगानं ती जागा भरून टाकतो. 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकानं हा प्रयोग एकदा करावा. रात्री पिंपळाखाली काहीतरी दिसल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलांना तर तो फार उपयोगाचा.

इथं इब्न अल-हैथम यांची आठवण मुलांना करून द्यायला हवी. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' लिहिणाऱ्या या माणसानं सांगितलं, की डोळ्यातून किरण बाहेर पडत नाहीत, वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यात जातो. आणि पाहणं डोळ्यावर संपत नाही. पाहिलेल्या गोष्टीची ओळख पटवणं, पूर्वीच्या आठवणीशी ती ताडून निष्कर्ष काढणं, हे इतक्या झटकन होतं की आपल्याला कळतही नाही, असंही त्यांनी मांडलं. त्यांच्या ग्रंथाच्या १०८३ च्या एका प्रतीत दोन डोळे आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या चेतांची आकृती आहे. मज्जासंस्थेची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आकृती म्हणून ती ओळखली जाते. आमच्या पूर्वजांनी सगळं शोधून ठेवलं होतं, अशी फुशारकी मारायला हे नाव नको. मोठ्यांनी सांगितलेलंही तपासून घ्या, ही त्यांची शिकवण मुलांपर्यंत जावी, यासाठी ते हवं.

चार भाषा बोलणारी मुलं

खापर परिसरातली मुलं घरात देहवाली भिली बोलतात, कुणी अहिराणी, कुणी गुजराती, कुणी उर्दू. बाजारात दुसरी भाषा, शाळेत मराठी, टीव्हीवर हिंदी. आणि शाळा त्यांना काय सांगते? तुमची भाषा अशुद्ध आहे.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णांतही हा फरक होता. या विषयावर शास्त्रज्ञांत एकमत नाही, काहींना असा फरक आढळलेला नाही. पण ज्या भाषांची मुलाला लाज वाटायला लावली जाते, त्याच भाषांवर जगातली मोठी माणसं संशोधन करतात, एवढं कळलं तरी त्या मुलाची मान थोडी वर होईल. आणि शास्त्रज्ञांतही वाद असतात, ते मोजून-तपासून सोडवायचे असतात, हेही त्याला त्यातूनच कळेल.

आठवणीचंही तसंच. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी उभी केलेली जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम ही देशातल्या मोठ्या मदरशांपैकी एक. तिथं आणि आसपासच्या मकतबांत शेकडो मुलं कुरआन हिफ्ज करतात. आज नवा सबक, त्याबरोबर गेल्या काही दिवसांचं पाठांतर, आणि त्याबरोबर जुन्या पाऱ्यांचा दौर. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून जे मांडलं, ते हेच. पाठ केलेलं झपाट्यानं विसरतं, आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. वैदिक पंडितांवर असा अभ्यास झालाय. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २१ पंडितांचे मेंदू एमआरआयनं तपासले गेले आणि आठवणीशी व भाषेशी संबंधित काही भाग इतरांपेक्षा जाड आढळले. तो लहानसा अभ्यास होता. पाठांतरामुळेच हे झालं, असं त्यावरून छातीठोक म्हणता येत नाही.

मग हायस्कूलच्या मुलांनी आणि मदरशातल्या मुलांनी मिळून एक प्रयोग करावा. अनोळखी बारा शब्द घ्या. एका गटानं ते एकाच दिवशी चार वेळा पाठ करावेत, दुसऱ्यानं चार दिवस रोज एकदा. आठवड्यानं दोघांची परीक्षा घ्या आणि आकडे फळ्यावर लिहा. दहावीच्या अभ्यासाचं वेळापत्रक कसं आखावं, हे मुलं त्यातून स्वतःच शिकतील. हाफिज मुलगा ज्या विद्येत तरबेज आहे, तिला विज्ञानाच्या तासाला मान मिळेल. मदरसा आणि शाळा यांच्यातली भिंत भाषणांनी पडलेली नाही, अशा एखाद्या प्रयोगानं तिला खिडकी तरी पडेल.

मोकळी जागा कोण भरतं?

खरं विज्ञान पोहोचत नाही, तिथं खोटं पोहोचतं. डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचायला शिकवणारे 'मिड-ब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत चालले, पालकांनी हजारो रुपये मोजले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ती पट्टीच्या फटीतून पाहण्याची चलाखी असल्याचं दाखवून दिलं. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल सांगणारे आहेत. 'आपण मेंदूचा फक्त दहा टक्के वापर करतो' असं सांगणारे वक्ते शाळांच्या कार्यक्रमात टाळ्या घेऊन जातात. अमुक आयत वाचली की मेंदूचा तमुक भाग उघडतो, असे मेसेज आपल्या व्हॉट्सॲप गटांत फिरतात. इबादतीला अशा भोंदू विज्ञानाच्या कुबड्यांची गरज नाही. हे सगळं ओळखायला नववीचा मेंदूचा धडा पुरेसा आहे, तो नीट शिकवला तर.

मराठीत वाचायला काहीच नाही, ही सबब टिकणारी नाही. सुबोध जावडेकर यांचं 'मेंदूच्या मनात', जावडेकर आणि डॉ. आनंद जोशी यांचं 'मेंदूतला माणूस' ही पुस्तकं आहेत. हायस्कूलच्या ग्रंथालयात त्यांची एकेक प्रत आणणं फार खर्चाचं नाही.

कुणी काय करावं

दरवर्षी १७ नोव्हेंबरला देशात राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. दिवाळीची सुट्टी बहुधा संपलेली असते, परीक्षा लांब असते. खापर आणि परिसरातल्या हायस्कुलांनी हा दिवस मेंदूचा दिवस करावा. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि अक्कलकुव्याच्या युनानी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी वर्गात यावं, भाषण द्यायला नव्हे, मुलांबरोबर पट्टी पकडायला. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी फिट आलेल्या माणसाला काय करायचं ते करून दाखवावं. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं. तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजायचं नाही. पाच मिनिटांहून जास्त वेळ फिट चालली तर लगेच दवाखाना. आशाताईंनी सिकलसेलच्या तपासणीची यादी घेऊन यावं. मशिदीच्या इमामांनी त्या आठवड्याच्या जुम्याच्या बयानात पाच मिनिटं मिरगीवर बोलावं.

शिक्षकांना एकच विनंती. मुलं असे प्रश्न विचारतील, ज्यांची उत्तरं तुम्हाला येणार नाहीत. स्वप्न का पडतात, दारू प्यायल्यावर माणूस तोल का सोडतो, आजी माणसं का विसरते, रूह मेंदूत असते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विज्ञानाच्या तासाला मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगावं. बाकीच्यांची उत्तरं 'शोधून पाहू' अशी द्यावीत आणि खरंच शोधावीत.

यातून खापरचा एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे मेंदूचा डॉक्टर, संशोधक होईल का? होईलही. पण मोजमाप तेवढ्यावर करू नये. पुढच्या वेळी बाजारात कुणी फिट येऊन कोसळेल, तेव्हा नववीची एखादी मुलगी पुढे होईल, चप्पल घेऊन आलेला हात बाजूला करील, त्या माणसाला कुशीवर वळवील आणि गर्दीला म्हणेल, 'काका, मागं व्हा, वारा येऊ द्या.' मग घरी जाऊन त्या माणसाची गोळी चालू आहे का, याची चौकशी करील. मेंदूविज्ञानाची गोडी लागली, असं मी तेव्हा म्हणेन.